समतेचा जाहीरनामा आणि तिजोरीची किल्ली

फ्रान्स देशाचें नांव निघतांच आमच्या व्यापारी बंधूंच्या डोळ्यांपुढें रेशीम, अत्तरें, द्राक्षांचें मद्य आणि पॅरिस शहराचा झगमगाट उभा राहतो. आणि ज्यांनीं इतिहासाचीं चार पुस्तकें चाळलीं आहेत त्यांस स्वातंत्र्य, समता व बंधुता या तीन शब्दांची आठवण होते. हीं दोन्ही चित्रें खोटीं नाहींत. परंतु कोणत्याहि समाजाची खरी ओळख त्याच्या दुकानांतील मालावरून किंवा त्याच्या इमारतींवर कोरलेल्या शब्दांवरून होत नसते. त्या समाजांतील सामान्य कुटुंबांत तिजोरीची किल्ली कोणाच्या कमरेला आहे, कागदावर सही कोणाची चालते, आणि स्वतः मिळविलेला पैसा खर्च करण्यास कोणाची परवानगी लागते, हें पाहिलें म्हणजे जी ओळख पटते ती खरी. ज्या राष्ट्रानें मनुष्यमात्राच्या समतेची घोषणा १७८९ सालीं केली, त्याच राष्ट्रांतील विवाहित स्त्रीस नवऱ्याच्या संमतीवांचून नोकरीधंदा करण्याचा आणि आपल्या नांवानें बँकेंत खातें उघडण्याचा निर्वेध अधिकार १९६५ सालीं मिळाला. या दोन सालांमध्यें १७६ वर्षांचें अंतर आहे. तें अंतर कसें पडलें, कोणीं पाडलें व कसें तोडलें गेलें, याचा विचार आज आम्ही वाचकांपुढें मांडणार आहों. त्यांत फ्रेंच समाजाविषयीं पुष्कळ कुतूहलजनक माहिती आहेच. पण सुधारणेच्या कार्यांत पडलेल्या प्रत्येकानें लक्षांत ठेवावा असा धडाहि आहे.

२६ ऑगस्ट १७८९ रोजीं फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेनें मनुष्य व नागरिक यांच्या हक्कांचा जाहीरनामा मंजूर केला. माणसें जन्मतः स्वतंत्र व हक्कांनीं समान आहेत, हें त्याचें पहिलें तत्त्व. त्यानंतर सहा आठवडे होतात न होतात तोंच, ५ ऑक्टोबर रोजीं, पॅरिसच्या बाजारांतील स्त्रिया पावाच्या टंचाईनें त्रासून व्हर्सायच्या राजवाड्यावर चालून गेल्या आणि दुसऱ्या दिवशीं राजास व राणीस आपल्याबरोबर पॅरिसला घेऊन आल्या. राज्यक्रांतीचा गाडा पुढें ढकलण्यांत ज्यांचा एवढा वांटा, त्यांस जाहीरनाम्यांतील 'मनुष्य' या शब्दांत जागा आहे कीं नाहीं, हा प्रश्न लवकरच निघाला. कोंदोर्से या गणिती तत्त्वज्ञानें १७९० सालीं निबंध लिहून स्त्रियांस नागरिकत्व द्यावें असें प्रतिपादन केलें. बुद्धि व विवेक हें जर हक्कांचें मूळ, तर तें मूळ स्त्रियांच्या ठिकाणीं नाहीं काय, असा त्याच्या विचाराचा रोख होता. १७९१ सालीं ओलिंप द गूज या लेखिकेनें तर मूळ जाहीरनाम्याच्या धर्तीवर कलमामागून कलम रचून स्त्रियांच्या हक्कांचा स्वतंत्र जाहीरनामा प्रसिद्ध केला. पुढें तिच्या राजकीय लेखांबद्दल तिच्यावर खटला झाला आणि ३ नोव्हेंबर १७९३ रोजीं तिचा शिरच्छेद करण्यांत आला. त्याच्या चारच दिवस आधीं स्त्रियांच्या राजकीय मंडळांवर बंदी घालण्यांत आली होती. जाहीरनाम्यावरील शाई वाळून पुरतीं पांच वर्षेंहि झालीं नव्हतीं.

राज्यक्रांतीनें स्त्रियांस कांहींच दिलें नाहीं असें म्हणणें मात्र अन्यायाचें होईल. बापाच्या मिळकतींत मुलगा व मुलगी यांस सारखा वांटा मिळावा, हें तत्त्व १७९१ पासून फ्रेंच कायद्यांत शिरलें आणि पुढें तें टिकलें. १७९२ सालीं विवाह ही दिवाणी बाब ठरून काडीमोडीचा हक्क नवरा व बायको या दोघांसहि सारखा मिळाला. पण नेपोलियनच्या हातीं सत्ता गेल्यावर वारें फिरलें. १८०४ सालीं जी दिवाणी कायदेसंहिता अमलांत आली तिच्या २१३ व्या कलमानें ठरविलें कीं, नवऱ्यानें बायकोचें रक्षण करावें व बायकोनें नवऱ्याच्या आज्ञेंत राहावें. काडीमोडीचा हक्क संहितेनें आकुंचित केला. १८१६ सालीं तो अजीबात बंद झाला आणि पुनः मिळण्यास १८८४ साल उजाडावें लागलें.

या संहितेंतील एक नियम मोठा विलक्षण होता. नवराबायकोचीं कर्तव्यें सांगणारीं कलमें विवाहाच्या वेळीं अधिकाऱ्यानें वधूवरांस मोठ्यानें वाचून दाखवावीं, अशी त्यांत आज्ञा होती. फ्रान्समध्यें कायदेशीर लग्न नगरभवनांतच लागतें. चर्चमधील विधि त्यानंतर, आणि तोहि ज्याच्या त्याच्या इच्छेवर. तिसऱ्या प्रजासत्ताकाच्या काळापासून तेथील नगरभवनांत 'मारियान' या नांवाच्या स्त्रीचा अर्धपुतळा ठेवण्याची चाल पडली. ही मारियान म्हणजे प्रजासत्ताकाची मूर्तिमंत प्रतिमा. त्या स्त्रीमूर्तीच्या साक्षीनें शहराध्यक्ष प्रत्येक नववधूस आज्ञापालनाचें कलम वाचून दाखवी. आणि त्याच सभागृहांत नगरसेवक म्हणून निवडून येण्याचा हक्क १९४४ पर्यंत एकाहि स्त्रीस कायद्यानें नव्हता. स्त्रीस देवता करून मखरांत बसवावें आणि माणूस म्हणून दाराबाहेर ठेवावें, ही युक्ति एकट्या पूर्वेकडील देशांचीच आहे अशी ज्यांची समजूत असेल त्यांनीं हें उदाहरण अवश्य ध्यानांत ठेवावें.

आतां पैशाच्या व्यवहाराकडे वळूं, कारण आमच्या बहुतेक वाचकांचा संबंध त्याच्याशींच येतो. करार करण्यास अपात्र कोण, हें सांगतांना या संहितेनें तीन वर्ग एका ओळींत बसविले होते: अज्ञान मुलें, न्यायालयानें ज्यांचा कारभार काढून घेतला आहे असे लोक, आणि कायद्यानें सांगितलेल्या बाबतींत विवाहित स्त्रिया. नवऱ्याच्या लेखी संमतीवांचून बायकोस मालमत्ता विकतां, गहाण टाकतां, बक्षीस देतां किंवा विकत घेतांहि येत नसे. नवराबायकोची जी सामाईक मिळकत, तिचा कारभार एकट्या नवऱ्याचा. ती विकण्यास त्यानें बायकोस विचारण्याची आवश्यकता नव्हती. बायकोच्या माहेरून आलेली स्थावर मिळकत तिच्या संमतीवांचून विकतां येत नसे हें खरें, पण तिचीहि व्यवस्था पाहणारा नवराच. म्हणजे मुलगी म्हणून एका हातानें दिलेला समान वांटा बायको म्हणून दुसऱ्या हातानें काढून घेतला जाई. हक्क तिचा, पण त्या हक्काची किल्ली दुसऱ्याच्या खिशांत.

स्त्रीनें दुकान चालविलें तर काय, याचेंहि उत्तर कायद्यानें देऊन ठेविलें होतें. नवऱ्याची संमति असेल तरच विवाहित स्त्रीस स्वतंत्र व्यापारी होतां येई. आणि तशी ती झाली म्हणजे मग त्या धंद्यापुरते करार तिनें आपल्या सहीनें करावे, ते नवऱ्यावरहि बंधनकारक होत. इतपर्यंत ठीक. पण पुढें असेंहि म्हटलें होतें कीं, जी स्त्री नवऱ्याच्या दुकानांत बसून त्याचाच माल विकते तिला व्यापारी समजूं नये. सकाळीं फळ्या काढण्यापासून रात्रीं रोकड मोजीपर्यंत जी गल्ल्यावर बसते, गिऱ्हाईक जिच्या तोंडाकडे पाहून येतें, उधारी कोणाची किती हें जिला पाठ, ती कायद्याच्या दृष्टीनें कोणीच नव्हे! हें वाचतांना आमच्या कित्येक वाचकांस आपल्याच पेठेंतील एखादें दुकान आठवलें तर नवल नाहीं.

या व्यवस्थेंतील विसंगति कोठें उघडी पडते पाहा. सज्ञान अविवाहित स्त्री व विधवा यांस दिवाणी व्यवहारांत पूर्ण मोकळीक होती. फक्त लग्न झालेली स्त्री अपात्र. म्हणजे अक्कल स्त्रीजातींतच नाहीं असें म्हणण्याचीहि सोय नव्हती; ती लग्नाच्या दिवशीं जात असे व नवऱ्याच्या मृत्यूबरोबर परत येत असे, असेंच मानावें लागे. रॅंस शहरीं बार्ब-निकोल क्लिको ही स्त्री १८०५ सालीं, सत्ताविसाव्या वर्षीं, विधवा झाली. नवऱ्यामागें तिनें शॅम्पेन मद्याची पेढी स्वतः चालविली. १८१४ सालीं, युद्धाची धामधूम पुरती शमली नाहीं तोंच, आपला माल रशियांत धाडून प्रतिस्पर्ध्यांच्या आधीं तेथील बाजारपेठ गांठली. आणि १८६६ सालीं ती वारली तेव्हां तिच्या पेढीचें नांव युरोपभर झालें होतें. त्या बाटलीवर 'विधवा क्लिको' अशा अर्थाचेंच नांव अद्याप छापलेलें असतें. तसेंच पॅरिसचें 'बॉं मार्शे' हें प्रचंड दुकान. तें नांवारूपास आणणारा आरिस्तीद बूसिको १८७७ सालीं वारला आणि दोन वर्षांनीं त्याचा मुलगाहि गेला. तेव्हां एका गरीब खेडवळ कुटुंबांत जन्मलेल्या मार्गरित बूसिको या त्याच्या पत्नीनें तो सारा व्याप संभाळला, नोकरांसाठीं निवृत्तिवेतनाचा निधि उभारला, आणि १८८७ सालीं मरतेवेळीं आपल्या संपत्तीचा मोठा भाग लोकोपयोगी कामांस दिला. या दोघींची बुद्धि नवऱ्याच्या मृत्यूच्या दिवशीं जन्मास आली काय? ती आधींपासून होतीच. कायद्यानें तिला हातपाय हालविण्यास जागा मात्र वैधव्यानंतर दिली. नवरा मेल्याशिवाय बायकोच्या कर्तृत्वास वाव नाहीं, असा कायदा कुटुंबाचें हित साधतो असें कोण म्हणेल?

विद्येच्या व कलेच्या प्रांतांतहि हाच प्रकार. 'जॉर्ज सांद' या पुरुषी नांवानें लिहिणाऱ्या प्रसिद्ध लेखिकेस नोआं येथील घर व जमीन आजीकडून मिळाली होती. पण लग्नानंतर तिचा कारभार नवऱ्याकडे गेला व तो परत मिळविण्यासाठीं तिला न्यायालयाची पायरी चढावी लागली. १८३६ सालीं ती कायद्यानें विभक्त झाली तेव्हां तिचेंच घर तिच्या हातीं आलें. रोझा बोनर ही जनावरांचीं चित्रें काढण्यांत नामांकित. तिला गुरांच्या बाजारांत वावरण्यासाठीं विजार घालावयाची, तर पोलिसांचा परवाना घ्यावा लागे, कारण पॅरिसच्या पोलीसप्रमुखानें १८०० सालीं तसा हुकूम काढून ठेविला होता. पुढें घोड्याचा लगाम किंवा सायकलचा दांडा हातीं असेल तर विजारीस हरकत नाहीं, अशी त्यांत सवलत मिळाली! हा हुकूम केव्हांच निकामी झाला होता. तरी तो आपोआप रद्द झाल्याचा सरकारी खुलासा निघाला तो २०१३ सालीं. मेरी क्यूरी हिला १९०३ सालीं एकदां नोबेल पारितोषिक मिळालें होतें. १९११ च्या जानेवारींत विज्ञान अकादमीनें तिला सभासद करून घेण्याचें नाकारलें, आणि त्याच वर्षअखेर तिला दुसरें नोबेल मिळालें. त्या अकादमीच्या पूर्ण सभासदत्वावर पहिली स्त्री निवडून आली ती १९७९ सालीं. १६३५ सालीं स्थापन झालेल्या फ्रेंच अकादमीनें तर पहिली स्त्री, लेखिका मार्गरित यूर्सनार, १९८० सालीं घेतली. अकादमीचें दार उघडण्यास ३४५ वर्षें लागलीं.

कायद्याची ही गांठ एका झटक्यांत तुटली नाहीं; एकेक पीळ उकलीत गेला. १८८१ सालीं विवाहित स्त्रीस नवऱ्याच्या मदतीशिवाय बचत बँकेचें पुस्तक काढतां येऊं लागलें. मात्र पैसे काढण्यास नवऱ्यास हरकत घेतां येई. १३ जुलै १९०७ च्या कायद्यानें आपली मजुरी व पगार आपल्या मर्जीप्रमाणें खर्चण्याचा हक्क तिला मिळाला. १९३८ सालीं आज्ञापालनाचें कलम गेलें, तरी कुटुंबप्रमुख नवराच राहिला व बायकोच्या नोकरीस हरकत घेण्याचा अधिकारहि त्याच्याकडे राहिला. तो अधिकार १३ जुलै १९६५ च्या कायद्यानें गेला. १९७० सालीं मुलांवरील अधिकार एकट्या बापाचा न राहतां आईबापांचा मिळून झाला, आणि १९८५ सालीं सामाईक मिळकतीच्या कारभारांत दोघेहि सर्वस्वीं समान ठरलीं. १९०७ व १९६५ या दोन्ही वर्षीं कायद्याची तारीख राष्ट्रीय उत्सवाच्या आदल्या दिवसाची पडली, हा योगायोग असेल. पण पॅरिसच्या रस्त्यांतून स्वातंत्र्याच्या नांवानें रोषणाई होत असतां घराघरांत परवानगीचा कायदा चालू होता, हा मात्र योगायोग नव्हता.

मताधिकाराची कथा याहूनहि बोधप्रद आहे. १८४८ सालीं फ्रान्सनें सर्व सज्ञान पुरुषांस मताधिकार दिला आणि त्यास 'सार्वत्रिक मताधिकार' असें नांव ठेविलें. अर्धी प्रजा वगळूनहि तो सार्वत्रिकच! यूबर्तीन ओक्लेर या धाडसी बाईनें १८८० सालीं मतदारांच्या यादींत आपलें नांव घालण्याची मागणी केली, आणि ती फेटाळली जातांच कर भरण्याचें नाकारलें. मत देण्यापुरती मी फ्रेंच नागरिक नसेन तर कर देण्यापुरती तरी कां असावें, हा तिचा बिनतोड प्रश्न. १९०८ सालीं तिनें एका मतदानकेंद्रांत शिरून मतपेटीच उलथून टाकली. १९१४ सालीं एका दैनिकानें स्त्रियांचा कौल मागविला, तेव्हां पांच लाखांहून अधिक स्त्रियांनीं आपणांस मत हवें असें कळविलें. मग महायुद्ध आलें. पुरुष आघाडीवर गेले, स्त्रियांनीं दारूगोळ्याचे कारखाने चालविले, शेतें नांगरलीं, ट्रामगाड्यांवर तिकिटें फाडलीं. युद्ध संपल्यावर १९१९ सालीं प्रतिनिधिगृहानें स्त्रियांच्या मताधिकाराचें बिल मोठ्या बहुमतानें संमत केलें. पण वरिष्ठ गृहानें, म्हणजे सेनेटनें, तें तीन वर्षें दडपून ठेवून १९२२ सालीं १५६ विरुद्ध १३४ मतांनीं फेटाळलें. पुढेंहि प्रतिनिधिगृहानें पुनः पुनः मंजुरी द्यावी व सेनेटनें वाट अडवावी, असें चाललें. १९३६ सालीं तर प्रतिनिधिगृहांत एकहि विरोधी मत पडलें नाहीं, तरी सेनेट जागचें हाललें नाहीं. त्याच वर्षीं लेओं ब्लुम यांच्या मंत्रिमंडळांत इरेन जोलिओ-क्यूरी, सुझान लाकोर व सेसिल ब्रुन्श्विग या तीन स्त्रिया दुय्यम मंत्री झाल्या. राज्यकारभार करण्यास पात्र, पण मत देण्यास अपात्र, असा हा चमत्कार! त्या सुमारास मताधिकारवादी स्त्रियांनीं सेनेटच्या सभासदांस मोजे भेट दिले आणि सांगितलें कीं, आम्हांस मत मिळालें तरी तुमचे मोजे शिवून मिळतील, काळजी नसावी.

ही वाट अडवून बसलेले लोक कोण होते? ते सगळे जुन्या मताचे व पाद्र्यांच्या मुठींतले असावेत असें वाटेल. पण तसें नव्हतें. सेनेटमध्यें ज्यांचें वजन होतें ते रॅडिकल पक्षाचे सभासद प्रजासत्ताकाचे कडवे अभिमानी, मोफत व सक्तीच्या शिक्षणाचे पुरस्कर्ते, आणि धर्मसंस्था व राज्य यांची फारकत करणाऱ्या १९०५ च्या कायद्याचे पाठीराखे होते. त्यांची भीति अशी कीं, स्त्रिया धर्मभोळ्या. त्यांचें मत पाद्री सांगेल त्या उमेदवारास जाईल व प्रजासत्ताक बुडेल. आधीं शिक्षण, मग हक्क, असें हें सोंवळें तर्कशास्त्र. पण ज्या स्त्रियांस अशिक्षित म्हणावयाचें त्यांच्यासाठीं सरकारी माध्यमिक शाळा निघाल्या त्याच १८८० च्या कायद्यानें, आणि मुलांच्या व मुलींच्या माध्यमिक शिक्षणाचा अभ्यासक्रम सारखा झाला तो १९२४ सालीं. शाळेचें दार आपणच लावून घ्यावें आणि बाहेर राहिलेल्यांस अडाणी म्हणून हक्क नाकारावे, याला न्याय म्हणत नाहींत. शिवाय अशिक्षित पुरुषांस १८४८ सालीं मत देतांना त्यांची परीक्षा कोणी घेतली होती?

अखेर हा प्रश्न सुटला तो पॅरिसमध्यें नव्हे व सेनेटच्या दालनांतहि नव्हे. जर्मनीच्या टांचेखालीं देश असतां अल्जिअर्स येथें जी सल्लागार सभा भरत होती, तिच्यांत फेर्नां ग्रेनिये या सभासदाच्या उपसूचनेस २४ मार्च १९४४ रोजीं ५१ विरुद्ध १६ मतें मिळाली, आणि २१ एप्रिलच्या वटहुकुमानें स्त्रियांस पुरुषांप्रमाणेंच मत देण्याचा व निवडून येण्याचा हक्क मिळाला. तुर्कस्तानांतील स्त्रियांस हा हक्क १९३४ सालींच मिळाला होता. २९ एप्रिल १९४५ रोजीं फ्रेंच स्त्रिया प्रथम मतदानास गेल्या. आणि मग काय झालें? प्रजासत्ताक पाद्र्यांच्या हातीं गेलें काय? ऑक्टोबर १९४६ मध्यें स्त्रीपुरुष मतदारांनीं मिळून जी राज्यघटना संमत केली, तिच्या पहिल्याच कलमांत राज्य धर्मनिरपेक्ष असल्याचें लिहिलें होतें, आणि तिच्या प्रस्तावनेंत स्त्रियांस सर्व बाबतींत पुरुषांच्या बरोबरीचे हक्क असल्याचें घोषित केलें होतें. सेनेटनें वर्षानुवर्षें जपलेली भीति पहिल्या दीड वर्षांतच खोटी ठरली.

तरी कायदा झाला म्हणजे काम झालें, असें समजणाऱ्यांसाठीं आणखी तीन आंकडे देतों. ऑक्टोबर १९४५ च्या निवडणुकींत फ्रान्सच्या घटनासभेवर ५८६ पैकीं ३३ स्त्रिया निवडून आल्या. १९९३ सालीं राष्ट्रीय सभेवर ५७७ पैकीं ३५. अठ्ठेचाळीस वर्षांत वाढ दोघींची! पक्षांच्या पुढाऱ्यांनीं उमेदवारीच दिली नाहीं, तर मताधिकार घेऊन काय करावयाचें? म्हणून १९९९ सालीं राज्यघटना दुरुस्त करून २००० सालीं असा कायदा केला कीं, पक्षांनीं उमेदवारांत स्त्रीपुरुषांची संख्या सारखी ठेवावी, न ठेवल्यास सरकारी अनुदानांत काट बसेल. कांहीं मोठ्या पक्षांनीं प्रथम प्रथम दंड सोसला, पण स्त्रियांस जागा दिली नाहीं. तरीहि २०१७ सालीं राष्ट्रीय सभेंत २२४ स्त्रिया आल्या. तत्त्वाची घोषणा, त्यास अनुसरून कायदा, आणि कायदा चुकविणाऱ्याच्या खिशास चाट, या तीन पायऱ्या चढल्यावर समता कागदावरून खालीं उतरली.

कोणी म्हणेल, फ्रेंचांच्या घरच्या गोष्टींशीं आम्हांस काय करावयाचें? उलट आम्ही त्यांच्या पुढेंच नव्हतों काय? मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळानें मिळकतीची अट कायम ठेवून कां होईना, पण १९२१ सालीं स्त्रीत्वाची अपात्रता मताधिकारांतून काढून टाकली. स्वतंत्र भारतानें तर पहिल्याच सार्वत्रिक निवडणुकींत, १९५१-५२ सालीं, स्त्रीपुरुषांस सारखें मत दिलें. हें सर्व खरें, आणि त्याचा अभिमान योग्यच आहे. पण फ्रान्सचा धडा कायद्याच्या तारखेचा नाहीं. तारीख आणि आचरण यांमधील अंतराचा आहे, आणि तें अंतर आमच्या दाराशींहि आहे. महाराष्ट्रानें १९९४ सालीं कायदा करून एकत्र कुटुंबाच्या मिळकतींत मुलीस जन्मसिद्ध हक्क दिला. २००५ सालीं तोच नियम देशभर लागू झाला. मग आमच्या दुय्यम निबंधकांच्या कचेऱ्यांत बहिणींच्या सह्यांचीं हक्कसोडपत्रें कां होतात? भावाशीं गोडी राहावी, माहेरचें दार मोकळें राहावें, भाऊबीजेस कोणी ओवाळून घेणारें असावें, एवढ्यासाठीं बहिणीनें शेताच्या व घराच्या वांट्यावर पाणी सोडावें, हा कोणता प्रेमाचा व्यवहार? भावानें आपला वांटा बहिणीच्या प्रेमाखातर सोडून दिल्याचें हक्कसोडपत्र कोणी पाहिलें आहे काय? फ्रेंच कायद्यानें मुलीचा वांटा लग्नानंतर नवऱ्याच्या ताब्यांत दिला. आम्ही तो तिच्याच सहीनें तिच्याकडून सोडवून घेतों. मार्ग निराळा, मुक्काम एकच.

व्यापारी घरांतूनहि यापेक्षां फार निराळें दृश्य दिसत नाहीं. कराच्या किंवा कर्जाच्या सोयीसाठीं पेढी बायकोच्या नांवावर, चेकबुकावर तिची आगाऊ कोरी सही, आणि पेढीस नफा झाला कीं तोटा हें मात्र तिला ठाऊक नाहीं, असा प्रकार आमच्या वाचकांस सर्वस्वीं अपरिचित आहे असें त्यांनीं छातीवर हात ठेवून सांगावें. फ्रान्सच्या जुन्या कायद्यानें गल्ल्यावर बसणाऱ्या स्त्रीस नांव नाकारलें. आम्ही नांव देऊन गल्ला नाकारतों. गांवोगांवच्या पंचायतींतून सरपंचबाईंच्या खुर्चीशेजारीं त्यांचे यजमान खुर्ची टाकून बसतात, तोहि यांतलाच प्रकार.

'अजून वेळ आली नाहीं', 'स्त्रियांची तयारी नाहीं', 'घराची घडी विसकटेल' हीं वाक्यें सेनेटच्या विद्वान सभासदांनीं वर्षानुवर्षें म्हटलीं, आणि त्यांपैकीं एकहि खरें ठरलें नाहीं. तींच वाक्यें आमच्या ओटीवर व दिवाणखान्यांत अजून ऐकूं येतात, आणि तीं म्हणणारांत स्वतःस सुधारक म्हणविणारे कांहीं थोडे नसतात. अशा सुधारकांस आमची विनंति एवढीच कीं, समतेवर व्याख्यान देण्यास जाण्यापूर्वीं त्यांनीं आपल्या कपाटांतील कागद एकदां काढून पाहावे. घराच्या उताऱ्यावर कोणाचीं नांवें आहेत, बँकेच्या खात्यांतील व्यवहार घरांतील कोणकोणास समजतो, वडिलांच्या मिळकतीच्या वांटणीपत्रांत बहिणीचा वांटा लिहिला आहे कीं तिची सही, हें त्यांत स्पष्ट दिसेल. जेथें उणें आढळेल तेथें तें भरून काढण्यास नवा कायदा नको, सभा नको, कीं ठराव नको. बहिणीचा वांटा बहिणीस देण्यास भावास आज कोणाचीहि परवानगी लागत नाहीं.